आजींना ‘उठू नका’ कसं म्हणायचं?

वाचकाचं पत्र:

मॅडम, मी मूळची सांगली जिल्ह्यातली. नर्सिंग केलं, मग जपानी शिकले, एन-४ ही जपानीची परीक्षा पास झाले आणि आठ महिन्यांपूर्वी तोकुतेइ गिनोऊ व्हिसावर (कुशल कामगारांसाठीचा व्हिसा) ओसाकाजवळच्या एका वृद्धाश्रमात कामाला लागले. आमच्याकडे ८६ वर्षांच्या एक आजी आहेत. गुडघे गेलेत, तरी व्हीलचेअरवरून सारख्या उठायला बघतात. गेल्या महिन्यात मी एका आजोबांना भरवत होते आणि त्या उठल्या. मी घाबरून मोठ्याने म्हणाले, ‘तात्ते वा इकेमासेन!’ त्या बसल्या, पण चेहरा पडला. दुपारी माझ्या हातून चहासुद्धा घेतला नाही. आमच्या टीमच्या प्रमुख, शुनिन-सान, मला बाजूला घेऊन म्हणाल्या, ‘सोनो इइकाता वा च्योत्तो…’ आणि पुढे काही बोललेच नाहीत. मग मी ‘तातानाइदे कुदासाइ’ म्हणायला लागले. पुस्तकात हेच नम्र रूप दिलंय. तरी परवा मीटिंगमध्ये ‘स्पीच लॉक’ असा शब्द निघाला. माझं नाव कुणी घेतलं नाही, पण रोख माझ्याकडे होता हे कळलं. मग जपानीत ‘करू नका’ म्हणायचं तरी कसं? अजून एक. एक सेनपाइ, म्हणजे वरिष्ठ सहकारी, रात्री साडेअकराला लाइन ॲपवर ड्यूटीचे मेसेज टाकतात. त्यांना ‘रात्री मेसेज करू नका’ असं सांगायचंय. धीर होत नाही.

उत्तर:

तुला ‘तू’ म्हणते, चालेल ना? हे उगाच विचारत नाहीये. तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या ‘चालेल’मध्ये आहे.

पण आधी एक सांगते. तू ओरडलीस ती काळजीपोटी. ८६ व्या वर्षी खुब्याचं हाड मोडलं तर माणूस पुन्हा पायांवर उभं राहील याची खात्री नसते. एका हातात वाटी आणि दुसऱ्या हातात चमचा असताना तुला जे सुचलं ते तू बोललीस. त्याबद्दल स्वतःला बोल लावत बसू नकोस. आजींचा चेहरा पडला तो तुझ्या आवाजामुळे कमी आणि तू उचललेल्या क्रियापदामुळे जास्त, असं मला वाटतं. ते क्रियापदच आधी उघडून बघू.

‘इकु’ म्हणजे जाणे. ‘इकेरु’ म्हणजे जाता येणे. त्याचा नकार ‘इकेनाइ’, औपचारिक बोलताना ‘इकेमासेन’. शब्दशः ‘पुढे जाता येत नाही’. ‘तात्ते वा’ म्हणजे ‘उभं राहिलं तर’. आता दोन्ही जोडून मराठीत म्हणून बघ. तू आजींना म्हणालीस, ‘असं उभं राहून चालणार नाही!’

जपानी माणूस ‘जात नाही’ म्हणतो तिथे आपण ‘चालत नाही’ म्हणतो, एवढाच फरक. ‘ते मो इइ’ म्हणजे ‘केलं तरी चालेल’. त्यातला ‘मो’ हा आपला ‘तरी’. ‘नाकुते वा इकेमासेन’ म्हणजे ‘न करून चालणार नाही’. गेली २२ वर्षं मी पुण्यात जपानी शिकवते आहे. दर तुकडीत मुलं या पाठाशी येतात तेव्हा वहीत ‘मस्ट नॉट’ असं लिहून आलेली असतात, आणि मी ते खोडायला लावते. ‘मस्ट नॉट’ म्हटलं की डोक्यात फक्त व्याकरण राहतं. ‘चालणार नाही’ म्हटलं की तो सूर कानात घुमतो, आणि असं कोण कुणाला म्हणतं हे वेगळं शिकवावं लागत नाही.

कारण मराठीत ‘चालणार नाही’ कोण म्हणतं? शाळेत बाई म्हणतात. कचेरीतला खिडकीमागचा माणूस म्हणतो. आई मुलाला म्हणते. म्हणणारा नियमाच्या बाजूला उभा असतो आणि ऐकणारा नियमाखाली. घरात नव्याने आलेली चोवीस वर्षांची मुलगी आजेसासूबाईंना ‘आजी, असं उठून चालणार नाही!’ असं सगळ्यांदेखत म्हणाली तर काय होईल, याची कल्पना तुला माझ्यापेक्षा चांगली आहे. शेवटी ‘मासेन’ लागलं म्हणजे वाक्य नम्र झालं असं पुष्कळांना वाटतं. ‘मासेन’ने भाषा फक्त औपचारिक होते. नियम ऐकवणारा सूर तसाच राहतो.

हे रूप टाकाऊ नाही. शिक्षक मुलांना सांगतात, डॉक्टर पेशंटला ‘आज अंघोळ करून चालणार नाही’ म्हणतात, तिथे ते अगदी जागेवर आहे. नियम तिसऱ्या माणसाचा असेल आणि तू फक्त समजावून देत असशील, ‘या तळ्यात पोहलेलं चालत नाही’ अशा अर्थाने, तरी ते ठीक. पण समोरच्याला, त्याच्या तोंडावर, त्याच्या अंगाच्या हालचालीबद्दल म्हटलं की ते हुकूम होतं. पाठ्यपुस्तकात ‘ते मो इइ देसु का?’ या प्रश्नाला ‘इइए, इकेमासेन’ असं उत्तर घोकून घेतात. वर्गाबाहेर मोठ्या माणसाने परवानगी मागितली तर असं उत्तर देऊ नये. तिथे ‘सुमिमासेन, च्योत्तो…’, ‘माफ करा, जरा…’ म्हणायचं आणि थांबायचं.

तुझ्या शुनिन-सान तशाच थांबल्या, बघ. ‘सोनो इइकाता वा च्योत्तो…’ हे वाक्य अर्धं राहिलं असं तुला वाटलं असेल. ते पूर्ण आहे. ‘ते बोलणं जरा…’ असं म्हणून आपल्याकडची जुनी माणसंही थांबतात आणि उरलेलं आपण समजून घेतो. ‘असं बोलू नकोस’ हे त्यांनी तुला सांगितलंच, आणि कमीपणा वाटू न देता सांगितलं. तुला हव्या असलेल्या उत्तराचा नमुना त्यांनी त्याच क्षणी तुझ्यासमोर ठेवला होता.

माझा एक अनुभव सांगते. २००४ साली मी चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी म्हणून जात होते. नव्या मशीनची चाचणी चालली होती. जपानहून आलेले एक वयस्क इंजिनिअर वाकून आत बघत होते आणि त्यांचा हात फिरत्या भागाकडे गेला. मी जिवाच्या आकांताने ओरडले, ‘सावारुना!’ म्हणजे ‘हात लावू नको!’ इतकं उघडंनागडं रूप मी आयुष्यात कुणा मोठ्या माणसाला वापरलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला आणि संध्याकाळी मुद्दाम येऊन, वाकून आभार मानले. दोनच दिवसांनी ते गोदामात फोटो काढायला लागले. तिथे फोटोला परवानगी नव्हती. मी शांत आवाजात, हसून, शुद्ध व्याकरणात म्हणाले, ‘कोको दे शाशिन ओ तोत्ते वा इकेमासेन.’ त्यांनी कॅमेरा बॅगेत ठेवला आणि पुढचे दोन दिवस माझ्याशी कामापुरतंसुद्धा थेट बोलले नाहीत. मला रात्रभर झोप नव्हती. ‘सावारुना’ने दुखावले नाहीत आणि ‘इकेमासेन’ने दुखावले, हे कोडं सुटायला मला बरीच वर्षं लागली. पहिल्या वेळी मी त्यांच्या हाताच्या बाजूने ओरडले होते. दुसऱ्या वेळी मी त्यांच्या समोर, नियमाच्या बाजूला जाऊन उभी राहिले होते.

तेव्हापासून मी विद्यार्थ्यांना रूपांचा तक्ता देण्याआधी हेच विचारते: हे ‘करू नका’ तू कुणाच्या बाजूने म्हणते आहेस?

उघड्या रूपांचं थोडक्यात आटोपते, कारण ती तुला ऐकावी लागतील पण बोलावी फार लागणार नाहीत. मूळ क्रियापदाला ‘ना’ लावलं की ‘सुरुना’, ‘हाइरुना’: आपलं ‘करू नको’, तेही दटावून. इथे एक खड्डा आहे. ‘ताबेरुना’ म्हणजे ‘खाऊ नको’, पण ‘ताबेना’ म्हणजे ‘खा’! ते ‘ताबेनासाइ’चं आखूड रूप आहे. मधला ‘रु’ नीट ऐक. दुसरं, क्रियापदाचं नुसतं नकारार्थी ‘नाइ’ रूप ठसक्यात म्हणणं. तुमच्या आश्रमात आग-भूकंपाची कवायत होते तेव्हा ‘ओकाशिमो’ हा शब्द कानावर येईल. जपानी मुलं तो शाळेतच शिकतात. ओसानाइ, काकेनाइ, श्याबेरानाइ, मोदोरानाइ यांची पहिली अक्षरं. ‘ढकलायचं नाही, धावायचं नाही, बोलायचं नाही, मागे फिरायचं नाही.’ हे तर हुबेहूब आपल्या शाळेतलं ‘बोलायचं नाही!’ घोळक्याला म्हणायचं, एकट्या माणसाला नाही. आणि पाटीवर नियमांची यादी असते तिथे वाक्याच्या शेवटी ‘नाइ कोतो’ येतं, आपल्या पाट्यांवरच्या ‘करू नये’सारखं.

संकटात मात्र हीच रूपं कामाची. २०२४ च्या १ जानेवारीला नोतो द्वीपकल्पात मोठा भूकंप झाला, त्सुनामीचा इशारा निघाला, तेव्हा एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीच्या निवेदिकेने नेहमीची मऊ भाषा सोडून ‘इमा सुगु निगेरु कोतो!’ असं ओरडून सांगितलं होतं. ‘आत्ताच्या आत्ता पळायचं!’ २०११ च्या त्सुनामीनंतर तिथे हा बदल जाणीवपूर्वक केला गेला. शांत, सभ्य आवाजात सांगितलं तर धोका माणसांपर्यंत पोहोचत नाही, हे त्यांनी फार मोठी किंमत देऊन शिकलं. म्हणून आजी खरोखर कोलमडताना दिसल्या तर व्याकरणाचा विचार करू नकोस. ‘आबुनाइ!’, ‘सांभाळा!’, एवढं ओरड आणि धावत जाऊन धर. त्यासाठी कुणी तुला नाव ठेवणार नाही.

आता तुझं ‘तातानाइदे कुदासाइ’. रूप बरोबर आहे. (पुष्कळ जण ‘तातानाकुते कुदासाइ’ म्हणतात, ते चूक, ती चूक तू केली नाहीस.) हे आपलं ‘उठू नका’. आदरार्थी आहे, विनंतीसारखं दिसतं, पण ‘नका’ तो ‘नका’च. यातली एक गंमत मला फार आवडते. हेच रूप ऐकणाऱ्याच्या भल्याचं असलं की किती गोड होतं बघ: ‘मुरि शिनाइदे कुदासाइ’, जिवाला त्रास करून घेऊ नका. ‘शिन्पाइ शिनाइदे कुदासाइ’, काळजी करू नका. इथे आपण समोरच्याच्या खांद्यावरचं ओझं उतरवतो, म्हणून टोचत नाही. ‘तातानाइदे कुदासाइ’मध्ये मात्र त्याचं काहीतरी काढून घेतो. दिवसातून वीस वेळा म्हटलं तर वीस वेळा काढून घेतो.

आणि इथेच तो ‘स्पीच लॉक’ येतो. याचा अर्थ तुला कुणी नीट समजावला नसेल तर मी सांगते, कारण तुझ्या कामात यापेक्षा महत्त्वाचा शब्द नाही.

२००० सालच्या एप्रिलमध्ये जपानात काइगो होकेन, म्हणजे वृद्धांच्या देखभालीची विमा-व्यवस्था, सुरू झाली. त्यासोबत वृद्धाश्रमात माणसाला बांधून ठेवणं तत्त्वतः बंद झालं. व्हीलचेअरला पट्ट्याने बांधणं, हातात मोजे घालून ठेवणं, पलंगाला सगळीकडून कठडे लावणं, हे सगळं त्यात आलं. अगदी निकडीची वेळ, दुसरा कुठलाच उपाय नाही, आणि तेही तात्पुरतं, या तिन्ही अटी जुळल्या तरच सवलत. काइगोच्या प्रशिक्षणात तीन कुलपं सांगतात. अंगाला लावलेलं ते फिजिकल लॉक. औषधाने गुंगवून ठेवणं ते ड्रग लॉक. आणि शब्दांनी माणसाला जागच्या जागी खिळवणं ते स्पीच लॉक. ‘उठू नका’, ‘हलू नका’, ‘तिकडे जाऊ नका’. इतकंच काय, पाठ फिरवून जाता जाता म्हटलेलं ‘च्योत्तो मात्ते’, ‘जरा थांबा’, हेसुद्धा. पट्टा दिसतो आणि शब्द दिसत नाही, पण आजी दोन्हींमुळे सारख्याच अडकतात.

म्हणजे तू ‘इकेमासेन’वरून ‘नाइदे कुदासाइ’वर आलीस तेव्हा कुलूप बदललंस, दार बंदच राहिलं. रागावू नकोस, व्याकरणाच्या पुस्तकाला हे ठाऊकच नसतं. तिथे ‘नम्र नकारार्थी विनंती’ या मथळ्याखाली एकाखाली एक रूपं दिलेली असतात आणि खालचं रूप वरच्यापेक्षा नम्र, एवढंच शिकवतात. ‘तातानाइदे इतादाकेमासेन का’ हे त्यातलं सगळ्यात खालचं. आपल्याकडे ‘उठला नाहीत तर फार उपकार होतील’ म्हणावं तसं. ते तू वापरलंस तरी आजी अडकलेल्याच राहणार.

मग काय करायचं? त्या का उठतात हे आधी शोधायचं. माणूस उगाच उठत नाही. लघवीला लागली असेल. एकाच जागी बसून कंबर दुखत असेल. चष्मा, रुमाल काहीतरी शोधत असतील. संध्याकाळची वेळ असेल तर ‘घरी जायचं’ असेल. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांत दिवस कलताना ही ओढ वाढते, तुझे सहकारी त्याला यूगुरे शोऊकोऊगुन म्हणत असतील. एक आठवडा वहीत वेळ लिही: कधी उठल्या, त्याआधी शेवटचं बाथरूमला कधी नेलं होतं, कुठल्या बाजूला बघत होत्या. मला खात्री आहे, आठवड्याच्या शेवटी त्या वहीत काहीतरी दिसेल. शुनिन-सानना ती वही दाखव. त्या मीटिंगपेक्षा ती वही जास्त बोलेल.

आणि त्या उठायला लागल्या की काय बोलायचं? आधी जवळ जा. लांबून बोलू नकोस, पाठीमागून तर नाहीच. गुडघ्यावर बस, डोळे त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आण. आडनाव घेऊन ‘सान’ लाव. आपण प्रेमाने आजी म्हणतो, तसं तुला ‘ओबाआच्यान’ म्हणावंसं वाटेल, पण परक्याने तसं म्हटलेलं तिथे पुष्कळांना आवडत नाही. त्यांचं नाव हाच त्यांचा मान. मग विचार, ‘दोऊ नासाइमाशिता का?’ काय झालं, काय हवंय? हे वाक्य ‘करू नका’च्या जागी बसतं आणि त्यात ‘नका’ कुठेच नाही. ‘ओतेआराइ देसु का?’ बाथरूमला जायचंय का? हो म्हणाल्या तर ‘इश्शो नि इकिमाश्योऊ’, चला, बरोबर जाऊ. उठूच द्यायचं, पण तुझ्या हाताच्या आधाराने.

खरंच अडकली असशील, आजोबांचा घास हातात असेल, तर त्यांना थांबवायला तीन गोष्टी लागतात: कारण, वेळ, आणि काय करायचं ते. काय करायचं नाही ते नको. ‘इमा ओ-शोकुजि नो ओ-तेत्सुदाइ ओ शिते इमासु. आतो सानपुन होदो, सुवात्ते ओ-माचि इतादाकेमासु का?’ सध्या जेवण भरवते आहे, अजून तीनेक मिनिटं बसून वाट बघाल का? आणि तीन मिनिटांनी जा. बाकी काही चुकलं तरी हे चुकवू नकोस. एकदा गेली नाहीस की ते वाक्य दुसऱ्या दिवसापासून कुलूप झालं. अजून एक मऊ वाक्य तोंडात घोळवून ठेव: ‘सुवात्ते इते कुदासारु तो, आन्शिन देसु.’ तुम्ही बसलेल्या असलात की माझा जीव निर्धास्त असतो. यात बोलणारी नियमाच्या बाजूला नाही, स्वतःच्या बाजूलाही फारशी नाही. आजींकडे काहीतरी मागते आहे, आणि द्यायला काही उरलं नाही असं वाटणाऱ्या वयात कुणी आपल्याकडे मागितलं की माणूस खुलतं.

‘नका’शिवाय ‘नका’ म्हणायची ही कला जपानी माणसं सगळीकडे वापरतात. सार्वजनिक स्वच्छतागृहात पाटी असते, ‘नेहमी स्वच्छ वापरल्याबद्दल धन्यवाद’. घाण करू नका, हे त्यात आलंच. आगगाडीत घोषणा होते, ‘त्सुऊवा वा गो-एन्र्यो कुदासाइ’. ‘एन्र्यो’ म्हणजे आपली भीड, संकोच. लिपीत ‘दूर’ आणि ‘विचार’ अशी दोन अक्षरं आहेत. फोनवर बोलायला जरा भीड बाळगा, असं ते सांगतात. पण सूर मऊ आहे म्हणून ऐच्छिक समजू नकोस. ‘गो-एन्र्यो कुदासाइ’ लिहिलंय तिथे ती गोष्ट बंद आहे म्हणजे बंदच आहे. नव्याने गेलेली आपली मुलं इथे हमखास चुकतात.

आपल्याला हे परकं वाटायला नको. लग्नपत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असं छापतात, आणि ज्यांना तेही टोचतं ते ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ असं लिहितात. पहिल्यात क्रियापद पाहुण्याचं आहे, दुसऱ्यात यजमानाचं. जपानमध्ये अंत्यविधीच्या निरोपात ‘गो-कोऊदेन वा गो-जिताइ मोऊशिआगेमासु’ असं असतं. घरच्यांना द्यायचं पैशाचं पाकीट आम्ही नम्रपणे नाकारतो. ‘आणू नका’ कुठेच नाही. तुमचं काही चुकतंय असं न म्हणता ‘माझ्याकडून घेणं होणार नाही’ एवढंच म्हणायचं.

हीच युक्ती तुझ्या सेनपाइंना लागू पडते. त्यांना ‘करू नका’ म्हणूच नकोस, स्वतःची अडचण आणि स्वतःची सोय सांग. मेसेज असा लिही: ‘सुमिमासेन, योरु वा हायामे नि यासुन्दे इरु नोदे, ओ-इसोगि दे नाकेरेबा, आसा इतादाकेरु तो तासुकारिमासु.’ माफ करा, रात्री मी लवकर झोपते, घाईचं नसेल तर सकाळी मेसेज मिळाला तर मोठी मदत होईल. शेवटचं ‘तासुकारिमासु’ महत्त्वाचं, त्याने तक्रार जाऊन आर्जव येतं. कदाचित त्यांची उशिराची पाळी तेव्हाच सुटत असेल आणि विसरायच्या आत त्या लिहून टाकत असतील. रात्री उत्तर देऊ नकोस, फोनचा आवाज बंद ठेव, सकाळी उठून शांतपणे लिही. तरी थांबलं नाही, तर मग शुनिन-सानशी बोल.

एक गोष्ट तू विचारली नाहीस, तरी परदेशात एकट्या राहणाऱ्या मुलीला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कुणी नकोसा हात लावला, घाणेरडं बोललं, मग तो सहकारी असो नाहीतर ज्यांची सेवा करतेस ते आजोबा असोत, तिथे हे मऊ बोलणं सगळं बाजूला ठेव. ‘यामेते कुदासाइ.’ थांबवा. स्पष्ट, सरळ, डोळ्यांत बघून. किंवा ‘कोमारिमासु’. शब्दशः ‘मी अडचणीत येते’, पण जपानी कानाला हा ठाम नकार आहे. तिथे ‘च्योत्तो…’ म्हणून अर्धवट सोडू नकोस, आणि त्याच दिवशी वरिष्ठांना सांग. इथे तू स्वतःच्या बाजूने बोलायचं आहेस.

आता आजींशी जे बिनसलं ते. त्यांना तो प्रसंग आठवत असेल किंवा नसेल. दुखल्याची भावना मात्र प्रसंग विसरल्यावरही मागे राहते. सकाळच्या वेळी, त्या निवांत असताना, पुढ्यात गुडघ्यावर बस आणि म्हण, ‘कोनो माए वा, कित्सुइ इइकाता ओ शिते, सुमिमासेन देशिता.’ मागे मी कडक शब्दांत बोलले, चुकलं माझं. एवढंच. का बोलले, घाबरले होते, हे सांगत बसू नकोस.

त्या काय म्हणतील हे मला ठाऊक नाही, पण ओसाकाकडच्या आहेत म्हणून कान तयार ठेव. तिकडे ‘इकेनाइ’चं ‘आकान’ होतं, ‘शितारा आकान’ म्हणजे ‘केलं तर चालायचं नाही’, आणि ‘शिनाइदे’चं होतं ‘सेन्तोइते’. ही रूपं पुस्तकात नाहीत, म्हणून ऐकताना गोंधळशील. तू इतक्यात ती बोलू नकोस, ओळख मुरली की आपोआप तोंडात येतील. पण आजी हात हलवून ‘कि नि सेन्तोइते’ म्हणाल्या, तर त्याचा अर्थ ‘मनाला लावून घेऊ नकोस गं’.

मग चहा घेऊन जा. घेतला का ते मला लिही.